रेसिडेन्सी संपल्यानंतर : अमेरिकेतील नवा फॅमिली डॉक्टर कोणती वाट धरतो

समाजाला फॅमिली डॉक्टर हवे असतील तर ते घडवणाऱ्या जागा वाढवाव्यात, हा उपाय सर्वांना प्रथम सुचतो आणि तो योग्यही आहे. परंतु प्रशिक्षण पूर्ण केलेला तरुण डॉक्टर त्यानंतरच्या पहिल्या दोन-चार वर्षांत कोठे, कोणत्या अटींवर आणि कोणत्या स्वरूपाचे काम पत्करतो, यावरच त्या प्रशिक्षणाचा समाजाला कितपत उपयोग होणार हे ठरते, ही गोष्ट आरोग्यधोरणाच्या चर्चेत पुष्कळदा मागे पडते. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी अमेरिकेचे उदाहरण विशेष उपयोगी आहे, कारण त्या देशाने फॅमिली डॉक्टरचे काम ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा मानून तिचे पद्धतशीर प्रशिक्षण अर्ध्या शतकापूर्वीच उभे केले, आणि तरीही त्या प्रशिक्षणातून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांचे पुढे काय होते, याची चिंता तेथील जाणकारांना आजही लागून राहिलेली आहे. भारतात ही शाखा आता कोठे आकार घेत असल्यामुळे अमेरिकेतील यशापयशाचा हा हिशेब मराठी वाचकालाही परका वाटू नये.

शाखा कशी उभी राहिली

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील बहुसंख्य डॉक्टर हे सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसाय करणारे, म्हणजे जनरल प्रॅक्टिशनर होते, आणि वैद्यकीय पदवीनंतर वर्षभराचा अनुभव घेऊन ते आपला दवाखाना सुरू करीत. दुसऱ्या महायुद्धानंतर हृदय, मेंदू, अस्थी, डोळे अशा एकेका अवयवाचे किंवा व्याधीचे विशेषज्ञ झपाट्याने वाढले, रुग्णालयांत आणि महाविद्यालयांत त्यांनाच मान आणि वेतन मिळू लागले, आणि सर्वसाधारण डॉक्टरांची पिढी म्हातारी होत असताना तिची जागा घेणारे कोणी दिसेना. या स्थितीचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समित्यांचे अहवाल १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले. व्यक्तीकडे आणि तिच्या कुटुंबाकडे समग्रपणे पाहणारा डॉक्टर ही समाजाची गरज आहे, आणि त्याची तयारी ‘विशेषज्ञ न झालेला डॉक्टर’ म्हणून न करता याच कामाचा विशेषज्ञ म्हणून केली पाहिजे, असा या अहवालांचा सूर होता. त्यानंतर १९६९ मध्ये कुटुंबवैद्यकाला तेथील विसावी मान्यताप्राप्त विशेष शाखा म्हणून स्थान मिळाले. एकदा मिळालेले प्रमाणपत्र आयुष्यभर न चालवता ठरावीक वर्षांनी पुन्हा परीक्षा देऊन ते टिकवावे लागेल, असा नियम अमेरिकेतील शाखांमध्ये सर्वप्रथम याच शाखेने स्वतःवर घालून घेतला.

आज अमेरिकेत फॅमिली डॉक्टर होण्यासाठी साधारणतः चार वर्षांची सामान्य पदवी, चार वर्षांचे वैद्यकीय महाविद्यालय आणि त्यानंतर तीन वर्षांची रेसिडेन्सी पूर्ण करावी लागते. वरिष्ठांच्या देखरेखीखाली, पण रुग्णांची प्रत्यक्ष जबाबदारी घेऊन रुग्णालयात व दवाखान्यात पगारी काम करत शिकणे, म्हणजे रेसिडेन्सी होय. कोणाला कोणत्या रुग्णालयात जागा मिळणार, हे उमेदवार आणि रुग्णालये या दोघांच्या पसंतीक्रमांची सांगड घालणारी देशव्यापी यंत्रणा दर वर्षी मार्च महिन्यात ठरवते. त्या यंत्रणेत कुटुंबवैद्यकाच्या जागा अलीकडच्या वर्षांत पाच हजारांच्या वर गेल्या आहेत, आणि त्यांतील शेकडो जागा पहिल्या फेरीत रिकाम्या राहतात.

या तीन वर्षांत प्रशिक्षणार्थी बालरोग, गर्भवतीची काळजी व प्रसूती, प्रौढांचे आजार, वृद्धांचे आजार, मानसिक आरोग्य, छोट्या शस्त्रक्रिया, अतिदक्षता विभाग आणि आपत्कालीन विभाग या सर्वांत काम करतो. या प्रशिक्षणाचा गाभा मात्र वेगळाच आहे. प्रत्येक प्रशिक्षणार्थ्याला पहिल्या वर्षापासून काही रुग्ण त्याचे स्वतःचे म्हणून नेमून दिले जातात, आणि तीन वर्षे तोच त्यांना पाहतो. त्यामुळे ज्या स्त्रीची गर्भारपणात तपासणी केली तिचे बाळ पुढे चालू लागलेले पाहण्याची आणि ज्या वृद्धाचा मधुमेह प्रथम ओळखला त्याची औषधे वर्षानुवर्षे जुळवून देण्याची संधी त्याला मिळते. एका वेळच्या तक्रारीपलीकडे जाऊन माणसाच्या आयुष्याचा ओघ लक्षात घेऊन उपचार करणे, ही या शाखेची खरी विद्या आहे.

शेवटच्या वर्षातील कागदपत्रे आणि करार

तिसऱ्या वर्षात प्रशिक्षणार्थ्यापुढे शाखेची प्रमाणपत्र परीक्षा असते. त्याखेरीज जेथे काम करायचे त्या राज्याचा वैद्यकीय परवाना आणि अफूजन्य वेदनाशामकांसारखी नियंत्रित औषधे लिहून देण्याची केंद्रीय नोंदणी मिळवावी लागते, आणि प्रत्येक विमा कंपनीकडून आपली पात्रता तपासून घ्यावी लागते. ही शेवटची प्रक्रिया कित्येक महिने चालते, आणि ती पूर्ण होईपर्यंत त्या कंपनीच्या विमाधारकांवर केलेल्या उपचाराचे पैसे मिळत नसल्यामुळे, स्वतःचा दवाखाना काढू पाहणाऱ्याला सुरुवातीचे काही महिने उत्पन्नाविना काढण्याची तयारी ठेवावी लागते.

नोकरी पत्करणाऱ्यापुढे करार येतो आणि त्यातील तीन कलमे त्याच्या पुढील आयुष्यावर मोठा परिणाम करतात. पहिले कलम वेतनाचे. अनेक करारांत पहिली एक-दोन वर्षे ठरावीक पगाराची हमी असते आणि त्यानंतर डॉक्टरने केलेल्या कामाच्या मोजमापावर वेतन ठरते. हे मोजमाप ‘सापेक्ष मूल्य एकक’ या परिमाणात होते. वृद्धांसाठीच्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने १९९२ पासून ही पद्धत अमलात आणली. प्रत्येक तपासणीला, प्रत्येक छोट्या-मोठ्या प्रक्रियेला तीत ठरावीक गुण आहेत, आणि शस्त्रक्रिया वा यंत्राद्वारे केलेल्या प्रक्रियांच्या मानाने रुग्णाशी बोलून, त्याला समजून घेऊन केलेल्या कामाला कमी गुण मिळतात, अशी प्राथमिक उपचार करणाऱ्या डॉक्टरांची जुनी तक्रार आहे. दुसरे कलम निष्काळजीपणाच्या दाव्यांपासून संरक्षण देणाऱ्या विम्याचे. या विम्याच्या एका प्रचलित प्रकारात दावा दाखल होतेवेळी विमा चालू असेल तरच संरक्षण मिळते. म्हणून नोकरी सोडल्यानंतर येऊ शकणाऱ्या दाव्यांसाठी वेगळा पुरवणी विमा घ्यावा लागतो, आणि त्याचा मोठा खर्च मालकाने द्यायचा की डॉक्टरने, हे करारात स्पष्ट नसेल तर नोकरी बदलणेच अवघड होऊन बसते. तिसरे कलम स्पर्धाबंदीचे. नोकरी सोडल्यावर ठरावीक काळ आणि ठरावीक अंतराच्या आत व्यवसाय न करण्याचे बंधन त्यात असते. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात असे बंधन कायद्याने निरर्थक ठरते, इतर अनेक राज्यांत मात्र ते लागू होऊ शकते, आणि अशा वेळी डॉक्टरला केवळ नोकरीच नव्हे तर आपले सर्व रुग्ण सोडून दूर जावे लागते. ज्या शाखेचे सामर्थ्यच दीर्घ परिचयात आहे तिच्या बाबतीत हे कलम विशेष घातक आहे.

कर्ज आणि व्हिसा

अमेरिकेत वैद्यकीय शिक्षणासाठी कर्ज काढणाऱ्या विद्यार्थ्याच्या डोक्यावर पदवीच्या वेळी साधारणतः दोन लाख डॉलरचे कर्ज असते, आणि कुटुंबवैद्यक ही त्या देशातील कमी वेतनाच्या वैद्यकीय शाखांपैकी एक आहे. त्यामुळे पहिली नोकरी निवडताना मनाच्या कलाइतकाच कर्जफेडीचा विचार होतो. २००७ च्या एका कायद्याने सरकारी किंवा ना-नफा संस्थेत काम करत केंद्र सरकारकडून घेतलेल्या शैक्षणिक कर्जाचे १२० मासिक हप्ते भरणाऱ्याचे उरलेले कर्ज माफ करण्याची तरतूद केली. रेसिडेन्सी देणारी बहुतेक रुग्णालये ना-नफा असल्याने प्रशिक्षणाची तीन वर्षेही या दहा वर्षांत धरली जातात, आणि तरुण डॉक्टरपुढे उरलेल्या सात वर्षांसाठी ना-नफा रुग्णालयाची नोकरी हा उघड फायद्याचा मार्ग दिसतो. स्वतःच्या खासगी दवाखान्यातून मात्र त्याला ही सवलत मिळत नाही. १९७० मध्ये स्थापन झालेली ‘नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर’ ही योजना याहून थेट आहे, कारण डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात किमान दोन वर्षे काम करण्याच्या बदल्यात ती कर्जफेडीसाठी रक्कम देते.

परदेशातून आलेल्या डॉक्टरांच्या बाबतीत कर्जाऐवजी व्हिसा निर्णायक ठरतो, आणि येथे या विषयाचा भारताशी, त्यातही महाराष्ट्रातून गेलेल्या डॉक्टरांशी थेट संबंध येतो. भारतात एमबीबीएस केलेल्या, किंवा पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्याही डॉक्टरला अमेरिकेत स्वतंत्रपणे व्यवसाय करण्यासाठी सर्वसाधारणपणे तेथील परीक्षा देऊन रेसिडेन्सी नव्याने करावी लागते. ती ‘जे-१’ या विनिमय व्हिसावर केल्यास प्रशिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. नॉर्थ डकोटाचे सिनेटर केंट कॉनरॅड यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये या अटीतून सुटकेचा मार्ग निघाला : डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात पूर्णवेळ तीन वर्षे काम करण्याची तयारी असल्यास राज्य सरकार त्या डॉक्टरची शिफारस करू शकते, आणि प्रत्येक राज्याला आज वर्षाला अशा ३० शिफारशी करता येतात. अमेरिकेच्या ग्रामीण भागातील कितीतरी लहान गावांत भारतीय डॉक्टर दिसतात, त्यामागे ही तरतूद आहे. मात्र भारतात जन्मलेल्यांना कायम वास्तव्याच्या परवान्यासाठी अनेक वर्षे थांबावे लागत असल्याने तीन वर्षांची बांधिलकी संपल्यानंतरही नोकरी बदलण्याचे किंवा स्वतःचा दवाखाना काढण्याचे स्वातंत्र्य त्यांना सहजासहजी मिळत नाही.

पर्यायांचा नकाशा

या परिस्थितीत नव्या फॅमिली डॉक्टरसाठी सर्वात रुळलेला मार्ग म्हणजे मोठ्या रुग्णालय-समूहाच्या बाह्यरुग्ण दवाखान्यात नोकरी. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या पाहणीनुसार, सर्व शाखा मिळून, डॉक्टरांच्याच मालकीच्या खासगी व्यवसायात काम करणाऱ्यांचे प्रमाण २०१२ मध्ये सुमारे ६० टक्के होते, ते २०२२ मध्ये सुमारे ४७ टक्क्यांवर आले. नोकरीत पगाराची निश्चिती असते, इमारत, कर्मचारी, संगणकप्रणाली आणि विमा कंपन्यांशी होणारा पत्रव्यवहार यांची काळजी संस्था घेते. पण दिवसाला किती रुग्ण पाहायचे, प्रत्येकाला किती मिनिटे द्यायची आणि कोणत्या तज्ज्ञाकडे पाठवायचे, यांवरील डॉक्टरचे नियंत्रण कमी होते. संगणकीय नोंदींचा भारही मोठा आहे : विस्कॉन्सिनमधील फॅमिली डॉक्टरांच्या कामाचा मागोवा घेऊन २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की त्यांच्या सरासरी ११.४ तासांच्या कामाच्या दिवसातील ५.९ तास संगणकीय नोंदींपुढे जात होते.

दुसरा मार्ग सामुदायिक आरोग्य केंद्रांचा आहे, आणि सामाजिक दृष्टीने तो सर्वात महत्त्वाचा आहे. जॅक गायगर या डॉक्टरांनी विद्यार्थिदशेत दक्षिण आफ्रिकेतील फोलेला येथे सिडनी आणि एमिली कार्क या दांपत्याचे काम पाहिले होते, जेथे आजारावर उपचार करताना पाणी, अन्न आणि गावाची परिस्थिती यांचाही विचार केला जाई. त्या अनुभवाच्या आधारे त्यांनी काउंट गिब्सन यांच्यासह १९६५ मध्ये बॉस्टनच्या कोलंबिया पॉइंट वस्तीत आणि त्यानंतर मिसिसिपीतील माउंड बायू या कृष्णवर्णीयांच्या गावात आरोग्य केंद्रे उभी केली. माउंड बायूत कुपोषित बालकांना तेथील डॉक्टर औषधाच्या चिठ्ठीवर अन्न लिहून देत असत. आज केंद्र सरकारच्या अनुदानावर चालणारी अशी केंद्रे तीन कोटींहून अधिक लोकांना सेवा देतात. त्यांच्या नियामक मंडळात बहुमत तेथे उपचार घेणाऱ्या रुग्णांचे असावे लागते, आणि रुग्णाच्या उत्पन्नानुसार शुल्क कमी करावे लागते. येथे काम करणाऱ्या डॉक्टरला निष्काळजीपणाच्या दाव्यांपासून केंद्र सरकारच्या कायद्याचे संरक्षण मिळते, म्हणून आधी उल्लेखिलेल्या पुरवणी विम्याचा प्रश्न उरत नाही, आणि कर्जफेडीच्या दोन्ही योजनांचा लाभ घेणेही बहुधा शक्य होते. पण दारिद्र्य, भाषेचा अडसर, व्यसन, बेघरपणा आणि मानसिक आजार यांनी एकाच वेळी घेरलेल्या रुग्णांची गर्दी इतकी असते, की मनुष्यबळाची पुरेशी साथ नसेल तर ध्येयवादी डॉक्टरही काही वर्षांत थकून जातो.

ग्रामीण भागातील काम हा तिसरा मार्ग. लहान गावातील रुग्णालयात तोच डॉक्टर सकाळी बाह्यरुग्ण पाहतो, दुपारी दाखल रुग्णांची फेरी घेतो, रात्री आपत्कालीन विभाग सांभाळतो आणि आवश्यक प्रशिक्षण घेतले असल्यास सिझेरियन शस्त्रक्रियाही करतो. रेसिडेन्सीत शिकलेले सर्व काही वापरण्याची संधी जितकी येथे मिळते तितकी अन्यत्र क्वचितच मिळते. १९५५ पासून केंद्रीय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अखत्यारीत असलेली, मूलनिवासी जमातींसाठीची आरोग्यसेवा याच प्रकारच्या व्यापक कामाची मागणी करते.

स्वतःच्या दवाखान्याचा मार्ग अरुंद झाला असला तरी बंद झालेला नाही. त्याचे एक नवे रूप म्हणजे ‘थेट प्राथमिक उपचार’ ही पद्धत. तीत रुग्ण विमा कंपनीला मध्ये न आणता डॉक्टरला ठरावीक मासिक वर्गणी देतो, आणि त्या बदल्यात त्याला हव्या तितक्या वेळा भेट, फोनवर सल्ला आणि पुरेसा वेळ मिळतो. विम्याचा पत्रव्यवहार टळल्याने डॉक्टर कमी रुग्णसंख्येवर दवाखाना चालवू शकतो आणि त्याच्या कामातील समाधानही वाढते. परंतु प्रत्येकाने कमी रुग्ण पाहिले तर उरलेल्यांनी जायचे कोठे, आणि वर्गणी न परवडणाऱ्या गरिबांचे काय, हे या पद्धतीपुढचे खरे प्रश्न आहेत.

पाचव्या प्रकारात असे पर्याय येतात ज्यांत डॉक्टरचा रुग्णाशी दीर्घ संबंध राहत नाही. रुग्णालयात दाखल असलेल्यांचीच काळजी घेणाऱ्या डॉक्टरला ‘हॉस्पिटलिस्ट’ म्हणतात. हे नाव १९९६ मध्ये रॉबर्ट वॉक्टर आणि ली गोल्डमन यांच्या लेखातून रूढ झाले. सलग काही दिवस काम आणि त्यानंतर तितकीच सुट्टी, शिवाय घरी आल्यावर रुग्णांचे संदेश नाहीत, या रचनेमुळे हे काम अनेक तरुणांना आकर्षक वाटते. अचानक उद्भवलेल्या किरकोळ आजारांसाठी असलेली तातडीची उपचार केंद्रेही अशीच पाळीनुसार चालतात. तात्पुरत्या बदली कामात डॉक्टर काही आठवडे वा महिने एका गावी रजेवर गेलेल्याची जागा भरतो आणि पुढे दुसरीकडे जातो. वेगवेगळ्या ठिकाणचे काम पाहून मग स्थिरावू इच्छिणाऱ्यास हा उपयुक्त टप्पा ठरतो.

याशिवाय रेसिडेन्सीनंतर बहुधा एका वर्षाचे अधिक प्रशिक्षण, म्हणजे फेलोशिप घेता येते. वृद्धवैद्यक, क्रीडावैद्यक, किशोरवयीनांचे आरोग्य, निद्राविकार, वेदनाव्यवस्थापन आणि असाध्य आजारात दुःख हलके करणारी परिहार सेवा या विषयांत अतिरिक्त प्रमाणपत्र मिळते. प्रसूतिशास्त्राची फेलोशिप ग्रामीण भागात जाऊ इच्छिणाऱ्यांना शस्त्रक्रियेचे कौशल्य देते. काही जण रेसिडेन्सी कार्यक्रमांत अध्यापक होतात, आणि रुग्णसेवा व शिकवणे यांची सांगड घालतात. पुढच्या पिढीला ही शाखा निवडावीशी वाटणे हे बऱ्याच अंशी अशा अध्यापकांवरच अवलंबून असते, म्हणून हा मार्ग संख्येने लहान असला तरी शाखेच्या भवितव्याच्या दृष्टीने मोलाचा आहे.

विस्तार आक्रसतो तेव्हा

प्रत्येक पर्याय वैयक्तिक दृष्टीने समर्थनीय आहे. रात्रीची झोप, लहान मुलांचे संगोपन, जोडीदाराची नोकरी आणि कर्जाचा हप्ता यांचा विचार करणाऱ्या तरुणाला दोष देण्याचे कारण नाही. परंतु या सर्व निवडींची बेरीज केल्यावर जे चित्र दिसते ते चिंताजनक आहे. २००० साली तेथील फॅमिली डॉक्टरांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश गर्भवतींची काळजी घेत असत. दहा वर्षांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास आले. २०१५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात रेसिडेन्सी संपवणाऱ्यांनी करू इच्छिलेल्या कामाचा आवाका हा प्रत्यक्ष व्यवसायात असलेल्या फॅमिली डॉक्टरांच्या कामाच्या आवाक्याहून मोठा असल्याचे दिसून आले. तरुण डॉक्टरांची इच्छा आणि त्यांची तयारी यांत मोठी उणीव नाही, पण त्यांना सामावून घेणाऱ्या संस्थांनी प्रसूती एका विभागाला, दाखल रुग्ण दुसऱ्याला आणि मुले तिसऱ्याला वाटून दिल्यामुळे फॅमिली डॉक्टरच्या वाट्याला कामाचा एक लहान तुकडा उरतो, असा याचा अर्थ लावणे वाजवी ठरेल.

हा तोटा केवळ डॉक्टरच्या समाधानाचा नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील बार्बरा स्टारफिल्ड यांनी आपल्या आयुष्यभराच्या संशोधनातून प्राथमिक उपचाराची चार लक्षणे मांडली : कोणत्याही तक्रारीसाठी रुग्णाने प्रथम तेथे यावे, तोच संबंध दीर्घकाळ टिकावा, बहुतेक गरजा तेथेच भागाव्यात, आणि इतर तज्ज्ञांकडील उपचारांचा मेळ तेथे घातला जावा. ज्या देशांत आणि प्रदेशांत ही व्यवस्था बळकट असते तेथील लोकांचे आरोग्य अधिक चांगले असते, हे त्यांनी दाखवून दिले. पुढील संशोधनाने यांतील एकेका लक्षणाचे मोल अधिक स्पष्ट केले. अमेरिकेतील मेडिकेअरच्या रुग्णांवर आधारलेल्या २०१५ च्या अभ्यासात ज्या फॅमिली डॉक्टरांच्या कामाचा आवाका मोठा होता त्यांच्या रुग्णांचा एकूण खर्च आणि रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण कमी आढळले. डॉक्टर-रुग्ण संबंधाचे सातत्य आणि मृत्युदर यांविषयीच्या २२ अभ्यासांचा आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यांतील १८ अभ्यासांत अधिक सातत्य असलेल्या रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी होते. नॉर्वेतील मोठ्या नोंदींवर आधारलेल्या २०२२ च्या अभ्यासात एकाच डॉक्टरकडे पंधरा वर्षांहून अधिक काळ असलेल्यांमध्ये, केवळ वर्षभर असलेल्यांच्या तुलनेत, मृत्यूची शक्यता सुमारे २५ टक्क्यांनी कमी होती. नव्या डॉक्टरने एका ठिकाणी मुळे धरणे ही त्यामुळे खासगी सोयीची बाब राहत नाही. तिच्यावर माणसांचे आयुर्मान अवलंबून असते.

तरीही पैशाचा प्रवाह दुसरीकडेच वाहतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या २०२१ च्या अहवालाने निदर्शनास आणले, की त्या देशातील डॉक्टरांच्या भेटींपैकी सुमारे ३५ टक्के प्राथमिक उपचारासाठी असतात, पण आरोग्यावरील खर्चातील जेमतेम पाच टक्के रक्कम त्याकडे येते. ज्या कामाला इतका कमी वाटा मिळतो त्या कामाकडे तरुणांनी केवळ ध्येयापोटी वळावे, ही अपेक्षा अन्याय्य आहे.

ज्या उपायांना यश आले त्यांकडे पाहिले असता एक सूत्र दिसते : प्रशिक्षण तेथेच द्यावे जेथे पुढे काम व्हावे अशी इच्छा आहे. वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेन शहर आणि कोलव्हिल हे छोटे गाव यांच्या जोडीतून १९८६ मध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमात पहिले वर्ष शहरातील मोठ्या रुग्णालयात आणि उरलेली दोन वर्षे गावात अशी रचना केली गेली, आणि पुढे तिचे अनुकरण अनेक ठिकाणी झाले. २०१० च्या आरोग्यसेवा कायद्याने सामुदायिक आरोग्य केंद्रांनाच रेसिडेन्सी चालवण्यासाठी निधी दिला. कुटुंबवैद्यकाची रेसिडेन्सी केलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डॉक्टर प्रशिक्षणाच्या जागेपासून शंभर मैलांच्या, म्हणजे सुमारे १६० किलोमीटरच्या आत स्थिरावतात असे दिसून आल्याने या उपायांमागील तर्क पक्का आहे.

भारतासाठी धडा

भारतात या विचाराची बीजे अमेरिकेच्याही आधी सापडतात. १९४६ मध्ये अहवाल देणाऱ्या भोर समितीने प्राथमिक आरोग्य केंद्रांची कल्पना मांडताना समाजाच्या आरोग्याची जबाबदारी घेणाऱ्या सामाजिक वैद्याचे चित्र रेखाटले होते. प्रत्यक्षात पदव्युत्तर शिक्षणाचा सारा ओढा विशेष शाखांकडे राहिला, आणि महाराष्ट्रातील शहरांत व तालुक्यांत ज्या फॅमिली डॉक्टरांवर पिढ्यान्‌पिढ्या कुटुंबांचा विश्वास होता त्यांनी आपली विद्या बव्हंशी अनुभवातूनच कमावली. २००२ आणि २०१७ या दोन्ही वर्षांच्या राष्ट्रीय आरोग्य धोरणांत कुटुंबवैद्यकाचा पुरस्कार आहे, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्याने या शाखेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना चालना देणे हे आयोगाच्या पदव्युत्तर शिक्षण मंडळाचे कर्तव्य ठरवले आहे. आज एमबीबीएसनंतर राष्ट्रीय परीक्षा मंडळाचा तीन वर्षांचा डीएनबी किंवा दोन वर्षांची पदविका, आणि काही संस्थांत एमडी, असे मार्ग उपलब्ध आहेत.

मात्र प्रशिक्षणानंतरची वाट अद्याप बांधलेली नाही. सव्वा लाखाच्या आसपास लोकसंख्येसाठी असलेल्या सामुदायिक आरोग्य केंद्राच्या रचनेत शल्यचिकित्सक, भिषक, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ ही चार तज्ज्ञ पदे पूर्वापार धरलेली आहेत; ती वर्षानुवर्षे रिकामी राहतात, आणि या चारही क्षेत्रांतील नेहमीचे आजार हाताळण्याचे शिक्षण ज्याने घेतले आहे त्या फॅमिली डॉक्टरसाठी मात्र बहुतेक राज्यांत तज्ज्ञ दर्जाचे वेगळे पद नाही. वैद्यकीय महाविद्यालयांत या शाखेचे स्वतंत्र विभाग मोजके असल्यामुळे अध्यापनाच्या जागाही कमी आहेत, आणि ज्या विद्यार्थ्याने साडेपाच वर्षांत एकही फॅमिली डॉक्टर अध्यापक म्हणून पाहिला नाही त्याला ती शाखा निवडण्याची प्रेरणा मिळणे कठीण आहे. परिणामी प्रशिक्षित डॉक्टर खासगी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात जातो, परदेशाची परीक्षा देतो, किंवा महागड्या जागेत दवाखाना उघडून सर्दी-तापाच्या रुग्णांवर गुजराण करतो. ज्या कामासाठी तो तयार झाला त्याचे उत्तम दर्शन भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे घडते, जेथे १९७३ पासून डॉक्टरांना प्रसूतीपासून सर्पदंशापर्यंत आणि मलेरियापासून हाडांच्या दुखापतीपर्यंत सर्व काही हाताळावे लागले आहे. परंतु अशा कामाला त्यागाचा अपवाद म्हणून गौरवणे पुरेसे नाही, ते प्रतिष्ठित आणि सन्मान्य वेतनाची नियमित नोकरी म्हणून उपलब्ध झाले पाहिजे.

अमेरिकेच्या अनुभवातून भारताने घ्यावयाचा बोध नेमका आहे. केवळ जागा वाढवल्याने फॅमिली डॉक्टर वाढत नाहीत; त्यांच्यासाठी तालुका आणि ग्रामीण रुग्णालयांत तज्ज्ञ दर्जाची पदे निर्माण करावी लागतात, प्रशिक्षणाचा मोठा भाग याच रुग्णालयांत व्हावा लागतो, प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात या शाखेचा विभाग असावा लागतो, दुर्गम भागातील सेवेच्या बदल्यात शुल्काचा किंवा कर्जाचा भार हलका करावा लागतो, आणि एका ठिकाणी दहा-पंधरा वर्षे टिकणाऱ्या डॉक्टरला त्या टिकण्याचा मोबदला द्यावा लागतो. हे पाचही निर्णय शासन आणि वैद्यकीय शिक्षणसंस्था यांच्या हातातले आहेत, त्यांसाठी नव्या शोधाची गरज नाही, आणि या शाखेच्या पहिल्या पिढ्या प्रशिक्षण संपवून बाहेर पडत असताना ते घेतले गेले तर भारताला अमेरिकेची पन्नास वर्षांची चूक पुन्हा करावी लागणार नाही.